रिळाची खूण

"मामा, खूण द्या की," लखन पिठाचे हात झटकत म्हणाला. "पत्रे आत लावायचेत मला."

सावळीरामने पिशवीत हात घातला. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप सगळं लखनच्या हवाली करून झालं होतं. मळणंही झालं होतं, आणि बेकरीच्या ओट्यावर मांडी घालून त्याने आपल्या जाडजूड बोटांनी गोळे वळून तीन पत्रे भरले होते. पिशवीच्या तळाशी वेलदोड्याचं एक साल तेवढं हाताला लागलं. त्याने शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे खिसे चाचपले. मग उगाचच डोक्यावरची टोपी काढून तिच्यातही पाहिलं.

"राह्यलं," तो म्हणाला. "रीळ घरीच राह्यलं."

ओट्यावरच्या बायका खुदकन हसल्या. त्यांचंही बरोबर होतं. मे महिन्यात नाशिक रोडच्या या भट्टीवर घरचं सामान घेऊन यायचं आणि नानकटाई भाजून न्यायची, हा रिवाज सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. एका वेळी चार घरांचे पत्रे आत जायचे आणि बाहेर आल्यावर कुणाचं कुठलं ते कळायला हवं, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी बाटलीचं बूच दाबायचं, कुणी कुलपाची चावी. घराशेजारची भागीबाई काट्याच्या चमच्याने रेघा ओढायची. सावळीरामच्या घरची खूण म्हणजे दोऱ्याचं जुनं लाकडी रीळ. ते गोळ्यावर दाबलं की मधोमध एक गोल उमटायचा आणि त्या गोलात एक गोबरा ठिपका. पण ते रीळ आजवर कधी सावळीरामच्या पिशवीत आलंच नव्हतं. ते त्याच्या बायकोच्या, वत्सलाबाईच्या कमरेला खोचलेलं असायचं, आणि वत्सलाबाई या वर्षी घरी खाटेवर बसून होती.

"अंगठा दाबा ना मामा," लखनने तोड काढली.

सावळीरामने एका गोळ्यावर अंगठा दाबला. खळगा पडला. तो त्या खळग्याकडे पाहत राहिला. हे आपल्या घरचं आहे असं काही त्याला वाटेना. बाजारातल्या माणसांच्या घोळक्यात आपलं पोर शोधावं आणि भलतंच पोर हाताला लागावं, तसं झालं.

"माझे पत्रे शेवटी घाल," तो उठत म्हणाला. "मी आलोच सायकलवर जाऊन."

"भट्टी दुपारी बंद करतो हां मी. मग उद्यावर गेलं."

"आलोच म्हणलं ना."

उन्हाने डांबर मऊ झालं होतं. सावळीराम सायकल हाणत होता आणि स्वतःलाच शिव्या घालत होता. पहाटेपासून त्याचा पाय जमिनीला टेकला नव्हता. तो एका लग्नाच्या लॉन्सवर माळी होता. संध्याकाळी तिथे लग्न होतं, त्यामुळे उजाडताच त्याने मशीन फिरवून सगळं गवत कापून काढलं होतं. एक पट्टा वर, एक पट्टा खाली, नवी सतरंजी अंथरावी तसं. अंगाला अजून त्या हिरव्या गवताचा वास येत होता. मालकाकडून दुपारपर्यंतची सुट्टी मागून घेतली होती, ती या नानकटाईसाठी.

आणि नानकटाई कशासाठी, तर त्यामागे एक मोठं दुखणं होतं.

थंडीत वत्सलाबाईला अर्धांगाचा झटका आला. ती वाचली. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून सावळीरामने देवाकडे तेवढंच मागितलं होतं आणि देवाने ते दिलं, म्हणून रोज सकाळी तिचा आवाज कानावर पडला की तो मनातल्या मनात हात जोडायचा. पाय थोडा ओढत का होईना, ती चालायला लागली. पण उजवा हात गेला तो गेलाच. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिने महिनाभर दाबला आणि मग फडताळात टाकून दिला. आणि गेल्या आठवड्यात तर तिने कहर केला. मुलगी पल्लवी येवल्याला दिलेली, दर उन्हाळ्यात माहेरपणाला यायची. तिचा फोन आला तर वत्सलाबाई सरळ म्हणाली, "औंदा येऊ नको." पलीकडून पल्लवी कसंबसं "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाला.

"असं कसं म्हणलीस?" सावळीराम म्हणाला होता.

"मग काय म्हणू? माझ्यानं भाकर थापवत नाय, तिची वेणी घालवत नाय. पोरगी माहेराला यायची ते काय माझी धुणी धुवायला?"

सावळीराम बाहेर जाऊन बसला. अंगणात पोत्याखाली एक छोटी सायकल उभी होती. लॉन्सच्या अडगळीतून मालकाला विचारून आणलेली, तेलपाणी करून, हिरवा रंग देऊन सजवलेली. नात पूजा या सुट्टीत सायकल शिकणार होती, तीही लॉन्सवर, कापलेल्या गवतावर, कारण तिथे पडलं तरी गुडघे फुटत नाहीत. हे सगळं त्याने तिला फोनवर कबूल करून टाकलं होतं. आता त्या पोत्याकडे बघवत नव्हतं. म्हणून आज त्याने आपणहून रवा-मैदा बांधला. घरात नानकटाई आली की तिचं मन वळेल, अशी त्याची भाबडी समजूत. तिने विचारलं, तेव्हा मात्र "मलाच खावीशी वाटते" असं ठोकून दिलं.

तो घरी पोहोचला तेव्हा वत्सलाबाई खाटेवर बसून डाव्या हाताने लसूण सोलायची खटपट करत होती.

"झाली येवढ्यात?"

"रीळ," सावळीराम धापा टाकत म्हणाला. "रीळ दे."

ती बघतच राहिली. "बिनखुणेचे पत्रे ठिवून आले तुमी?"

"अंगठा दाबून बघितला एकावर."

"अंगठा?" वत्सलाबाईचा आवाज चढला. झटक्यानंतर पहिल्यांदाच तो असा चढला होता. "पल्लवी चालाया लागली तवापासून रिळाची खूण हाय आपली. पेठ तालुक्याच्या डोंगरातून आलो, भट्टी काय असती ते ठावं नव्हतं, पण खूण कधी चुकवली नाय. अन् तुमी अंगठा दाबता? व्हा बाजूला."

ती उठली. फडताळातून रीळ काढून तिने कमरेला खोचलं आणि पाय ओढत दारापर्यंत आली. मग थबकली. आपण कुठे निघालो आहोत, हे बहुधा तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"बस मागं," सावळीराम पटकन म्हणाला. विचार करायला सवड दिली असती तर ती खाटेवर परत गेली असती.

"धरू कशानं? ह्यो हात का धरणार हाय?"

त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, तिला कॅरियरवर बसवलं आणि उपरण्याने तिची कंबर आपल्या कमरेला करकचून बांधली. शेजारच्या दारात उभ्या असलेल्या भागीबाईने तोंडाला पदर लावला.

"वत्सलाबाई, लग्नात राह्यलेली गाठ आता बांधली का?"

"सोडून पळतील म्हणून बांधली," वत्सलाबाई म्हणाली, आणि सायकल हलली.

सावळीराम उभ्याने पेडल मारत होता. वय झालेलं, ऊन मी म्हणत होतं, पण पाठीला लागलेलं तिचं वजन त्याला हवंहवंसं वाटत होतं. दवाखान्यातून आणताना ती रिक्षात त्याच्या अंगावर रेलून बसली होती, तेव्हा तिचं वजनच लागत नव्हतं. आता लागत होतं. लॉन्सवरून जाताना त्याने वेग थोडा कमी केला. आत मांडववाले खुर्च्या उतरवत होते.

"हे सगळं आज कापलं?" तिने मागून विचारलं.

"हां."

"चांगलं झालंय," ती म्हणाली. तेवढ्यावर तो उरलेला चढ चढून गेला.

बेकरीत लखनने दोघांना एका उपरण्यात बांधलेलं पाहिलं आणि भट्टीचं दार तसंच उघडं ठेवून गाठ सोडायला धावला. बायकांनी सरकून ओट्यावर जागा केली. वत्सलाबाईने अंगठ्याचा खळगा पडलेला गोळा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि रीळ डाव्या हातात धरलं.

पहिला गोळा दबून चपटा झाला. दुसऱ्यावर खूण कडेला गेली, अर्धा गोल गोळ्यावर, अर्धा हवेत. तिसऱ्याला रीळच चिकटून वर आलं. तिचा हात थांबला. ओठ घट्ट मिटले गेले. हिला इथे, चारचौघींत आणून आपण भलतंच करून बसलो, असं सावळीरामला वाटून गेलं.

शेजारच्या बाईने आपला मैद्याचा वाडगा पुढे सरकवला. "रीळ ह्यात बुडवा मावशी, म्हंजे चिकटत नाही," एवढं सांगून ती आपल्या गोळ्यांकडे वळली.

वत्सलाबाईने रीळ मैद्यात बुडवलं. चौथा वाकडा आला, पण आला. पाचवाही. ती एक अख्खा पत्रा करून थांबली, तेव्हा कपाळावरून घाम गळत होता. "आता उरलेले तुमी करा," ती सावळीरामला म्हणाली. "सरळ दाबा."

त्याने दोन पत्रे सरळ दाबले.

दुपारी घरी येताना हँडलला डब्याची पिशवी होती. तिच्यातून ऊन ऊन तुपाचा वास येत होता, आणि पाठीशी वत्सलाबाई बांधलेली होती.

"मुद्दाम विसरले ना रीळ?" तिने विचारलं.

"नाय गं. खरंच विसरलो." आणि ते खरं होतं. एवढी अक्कल असती तर त्याने आठवडाभर आधीच वापरली नसती का?

घरात शिरल्यावर तिने पाणीही प्यायलं नाही. "फोन लावा पल्लवीला," म्हणाली. त्याने फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"पल्लवे, पूजाला सुट्टी लागली ना? मग तिथं काय करते? ये."

"आई, पण तूच म्हणाली होतीस..."

"म्हणले आसंल. हे बघ, भाकरी तुला थापाव्या लागतील. धुणं पण पडंल. माझी वेणी सुदा तूच घालायची. चालंल का?"

पलीकडून पल्लवी नाक ओढत म्हणाली, "चालतंय की. उद्याच्या एस्टीने निघते."

सावळीराम उठून अंगणात गेला. त्याने छोट्या सायकलवरचं पोतं काढलं, घंटी वाजवून पाहिली, आणि डोळे पुसायचे होते ते तिथेच पुसून घेतले. मग आत येऊन चहा टाकला.

वत्सलाबाई डबा भरत होती. दर वर्षी सरळ, देखण्या नानकटाया डब्यात जायच्या. तो डबा पल्लवीचा. मोडक्या, वाकड्या, कडेने लागलेल्या सावळीरामच्या चहाबरोबर. इतक्या उन्हाळ्यांत त्याने कधी सरळ नानकटाई खाल्ली नव्हती आणि त्याची त्याला कधी तक्रारही वाटली नव्हती. सवयीने त्याने ताटातली एक वाकडी उचलली. अर्धा गोल होता तिच्यावर.

वत्सलाबाईने डाव्या हाताने त्याच्या हातावर चापट मारली आणि ती नानकटाई काढून घेतली.

"ह्या पल्लवीच्या हायेत," ती म्हणाली, आणि वाकड्या खुणेच्या नानकटाया एकेक करून डब्यात सगळ्यात वर लावू लागली. "तुमी सरळ खा."

सावळीरामने सरळ नानकटाई चहात बुडवली. गोडीला ती अगदी तशीच होती.