दोन अंबा आणि एक नोंद

या मित्रांनो, जरा जवळ सरका. पंखा बंद केलात तर माझा आवाज नीट ऐकू येईल. आज मी तुम्हाला एक कथा सांगणार आहे. कीर्तनातल्या कथेत शेवटी देव धावून येतो. माझ्या कथेत वेळेवर कोणी आलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी एक जुना संगणक आहे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत एक लहानशी संस्था आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची ती रोज विचारपूस करते. तिच्या खोलीत माझं टेबल होतं. दर आयुधपूजेला माझ्या कपाळी चंदन लागायचं, आणि मला वाटायचं, आपणही देवाच्या कामाला लागलो आहोत.

माझ्या पोटात माणसांची नावं होती. ती सांभाळणारं सॉफ्टवेअर कोणा एका शेठजीचं नव्हे. जगभरातली माणसं मिळून ते रचतात आणि अशा संस्थांना फुकट देतात. एकानं पद उचलावं, मागच्यांनी टाळ धरावा, तसं त्यांचं काम. आमच्या मुरलीकृष्णनं त्याचे पडद्यावरचे शब्द तमिळमध्ये आणले. तो पगारी नोकरी सांभाळून हे करायचा.

रोज सकाळी माझ्यातून एक यादी छापली जायची. ती घेऊन वेंकटराव सायकलवर निघत. एके काळी ते कीर्तन करत. आता गळा बसला होता. शेवटचं घर धाकट्या अंबाबाईंचं. त्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला झाकून बसलेल्या असत. वेंकटराव कापी पीत पीत कथेचा एक तुकडा सांगायचे आणि नेमके मध्येच उठायचे.

"अय्यो, पुराच्या पाण्यात भक्ताला सोडून कुठं निघालात? देव आला का नाही?"

"उद्या सांगतो. आज सांगितलं तर उद्या कापी कोण देईल?"

"नुसते कापीसाठी येता होय? लबाड!" असं म्हणून त्या दात नसलेलं हसू हसत. हे सारं वेंकटराव खोलीवर येऊन सांगत, म्हणून मला ठाऊक.

आता नावाचं ऐका. आपल्या तंजावूरच्या मराठी घरांत नातीला आजीचं नाव ठेवतात. अंबाबाईंचे वडील सुब्रमण्यम आणि काका साईराम. दोघांनीही पहिल्या मुलीला आपल्या आईचं नाव ठेवलं. इकडे आडनाव लिहीत नाहीत, बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लिहितात. म्हणून दोघी चुलत बहिणी कागदावर एस. अंबाबाई. घर एक. फोन शेजाऱ्यांचा, तोही एकच. थोरल्या अंबाबाई वर्षापूर्वी तिरुवैयारूला भाच्याकडे गेल्या, पण त्यांचा पत्ता कोणी बदलला नाही.

एका शनिवारी आमच्याकडे शिबिर भरलं. कावेरीकाठच्या गावांतल्या सात संस्था आल्या. इडली-सांबार झालं आणि नोंदी स्वच्छ करण्याची चढाओढ लागली. एकाच माणसाची दोनदा झालेली नोंद शोधायची आणि जोडून एक करायची. मुरलीकृष्णची बोटं भराभर चालत होती. दोन एस. अंबाबाई एकाखाली एक आल्या तेव्हा मी विचारलं, "जोडू?" तो म्हणाला, "जोड." टाळ्या पडल्या. त्याला पहिला नंबर मिळाला. त्या टाळ्यांत मीही फुललो, मित्रांनो. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी फेरी उरकून वेंकटराव डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडे तिरुचीला गेले. सोमवारपासून त्यांची फेरी जयलक्ष्मी करणार होत्या. त्या शिक्षिका होत्या, संस्थेत नव्या होत्या, यादीतल्या कोणाला अजून भेटल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी, त्या निघण्याआधीच, तिरुवैयारूहून फोन आला, अंबाबाई वारल्या. जयलक्ष्मींनी हात जोडले, माझ्यातली नोंद उघडली आणि "मृत" अशी खूण केली. नोंद एकच उरली होती. त्या दिवशी छापलेल्या यादीत ते घर नव्हतं.

आठवड्यानं वेंकटराव परतले. काळा चष्मा लावून त्यांनी यादी डोळ्यांजवळ धरली.

"जया, धाकटी कुठं गेली?"

"मामा, त्या वारल्या. तिरुवैयारूहून फोन आला होता की."

"ती थोरली गं! धाकटी कुठं आहे?"

जयलक्ष्मींच्या हातातली किल्ली खाली पडली. मला तो आवाज अजून ऐकू येतो.

दोघं तशीच तिच्या घराकडे धावली; पुढचं मला जयलक्ष्मींनी नंतर सांगितलं. दाराला आतून कडी होती. शेजारी म्हणाले, "संस्थेचे लोक रोज येतात, म्हणून आम्ही पाहिलं नाही." स्वयंपाकघरात पाय घसरून त्या पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन दिवस तरी जीव होता. स्वयंपाकाच्या ओट्यावर कापीचा पेला होता, वर झाकण.

त्यांना नेल्यावर वेंकटराव तिण्णैवर बसले आणि बसलेल्या गळ्यानं, रिकाम्या घराला, राहिलेली कथा सांगू लागले. पूर आला, भक्तानं हाक मारली. पण देव आला, हे वाक्य काही त्यांच्या तोंडून निघेना. जयलक्ष्मी मागे उभ्या होत्या. शेवटी त्यांनीच ते म्हटलं.

मुरलीकृष्णनं सगळं लिहून जगभरच्या त्या मंडळींना कळवलं. स्वतःचं नाव लपवलं नाही. कोणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. दूरदेशीच्या एकीनं लिहिलं, "आमच्या गावीही असं झालं, आम्ही बोललो नाही." मग सर्वांनी मिळून एक प्रश्न घातला. आता दोन नोंदी जोडण्याआधी पडद्यावर येतं, "दोघांशी बोललात का?" तो मराठीत वेंकटरावांनी सांगितला, मुरलीकृष्णनं लिहिला.

माझ्या जागी आता नवा संगणक आला आहे. मी कोपऱ्यात धूळ खात आहे, आणि तेच बरं. माझी निगा राखू नका, मित्रांनो. माणसांची राखा. यादीतून नाव काढायचं असेल, तर आधी त्याचं दार वाजवा.

आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा त्यांचं नाव एकदा घ्या. नुसतं अंबाबाई म्हणू नका. धाकट्या अंबाबाई, असं म्हणा.