राजश्रीच्या दुधाची तपासणी

माझी सून राजश्री बाळंत झाली तेव्हा तपासणीवाल्या मॅडमनी तिचं रक्त आन् दूध नेलं. दोन्हींत कपाशीवरच्या जुन्या फवारणीचं विष निघालं. तेव्हापासून ती लेकराला अंगावर घेईना, कोपऱ्यात तोंड लपवून बसायची. माझ्या घरात कुणी तोंड लपवून बसलेलं मला खपत नाही. मी मॅडमना गाठलं.

"सुनेनं कधी पंप पाठीवर घेतला न्हाई. हे आलं कुठून?"

"आजी, ते मातीत, अन्नात वर्षानुवर्षं राहतं. तुमच्या रक्तातही असेल. पण दूध तोडू नका, बाळाला तेच चांगलं."

"मग हे त्याच दिवशी सांगायला तोंड शिवलं व्हतं का?"

त्यांना हाताला धरून घरी आणलं. सगळं ऐकून राजश्रीनं पोरीला पदराखाली घेतलं. पोरगी अधाशासारखी प्यायली. राजश्रीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.