दोन विहिणींची शिवण

त्या दिवशी समुद्रावर तेल इतकं दाट साचलं होतं की दोन मासे त्यावरून चालत गेले. एकाने मला वाट विचारली. बायको म्हणते, मी वाढवून सांगतो. बरं, मासा एकच होता. पुढचं मात्र सगळं तिच्यादेखत घडलंय.

एका जहाजाच्या पोटाला भोक पडलं होतं. समुद्र एक, पण किनारे दोन देशांचे. करार आधीच झालेला: तेल आलं तर ते अडवायला अर्धा तरंगता बांध आम्ही ओढत आणायचा, अर्धा त्यांनी, आणि मधोमध जोडायचा. करारावर एवढ्या सह्या, की शेवटच्या साहेबांना कागदाच्या पाठीवर जावं लागलं. पण आमच्या टोकाला पोलादी खाचा आणि त्यांच्या टोकाला दोराचे फासे, हे एकाही सहीवाल्याने पाहिलं नव्हतं. कसंबसं बांधलं, तरी दोन हातांची फट उरलीच.

आणि फटीच्या नाकासमोर आमच्या लेकीची शिंपल्यांची शेती! पोर पलीकडच्या देशात दिलेली. तीन वर्षं जपलेले शिंपले त्याच महिन्यात निघायचे होते.

बायको ताडपत्र्या शिवते. फटीवर शिवायला तिने माझ्या होडीचं ताडपत्रीचं छतच उतरवलं.

"अगं, ऊन लागेल मला!"

"लागू दे. होडी धरा नीट."

समोरच्या होडीवर विहीणबाई. दोघी लग्नात एकदा भेटलेल्या आणि तेवढ्यावरच दोघींचं पोट भरलेलं. भाषा एकमेकींची येत नाही. लेक किनाऱ्यावरून वायरलेसवर इकडचं तिकडे करत होती. दोन टोकांकडून दोन दाभणं चालू लागली.

"सांग तुझ्या सासूला, टाका बारीक घाल म्हणावं. गोणी नाही शिवत आपण!"

लेक तिकडे काहीतरी बोलली. विहीणबाई हसल्या आणि हातवारे करत बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणाली गं?"

"म्हणतात, आईचा हात फार सफाईदार आहे."

"एवढं बोलली, आणि एवढंच?"

"त्यांची भाषाच लांबलचक आहे, आई."

तेल हाकेच्या अंतरावर आलं तेव्हा वीतभर शिवण बाकी होती. घाईत दाभण बायकोच्या अंगठ्यात घुसलं. विहीणबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला, अंगठ्याला गुंडाळला आणि तिच्या हातातलं दाभण घेऊन उरलेले टाके स्वतः घातले. बारीक. अगदी बारीक.

तेल येऊन शिवणीला टेकलं. ताडपत्री फुगली, करकरली. दोघींनी दंडापर्यंत हात पाण्यात घालून ती धरली. पलीकडचं पाणी निळंच राहिलं. तेल उपसणारं जहाज येईपर्यंत दोघी तशाच ओणव्या होत्या.

वायरलेस ओरडत होता, "आई? जोडलं का? बोला ना कुणीतरी!"

बायकोने कोपराने बटण दाबलं. "शिंपले काढ निवांत. आम्ही दोघी येतोय तुझ्याकडे."

"थांब, सासूबाईंना सांगते."

"राहू दे," बायको म्हणाली. "कळलंय तिला."