काळ्या जागेतल्या चांदण्या

सिंधुबाईंनी खिडकी उघडली ती फक्त उन्हासाठी. जानेवारीतली सकाळ होती, खोलीत गारठा भरला होता, आणि सत्तरी उलटलेल्या हाडांना ऊन लागतंच.

पण खिडकी उघडायची नव्हती. नात प्रगती घरातून निघताना तीनदा बजावून गेली होती. "आजी, शेजारी गुऱ्हाळ पेटलंय. काजळी आत आली तर माझा फोटो जाईल. एकच प्रत आहे, संस्थेत परत द्यायचीय."

प्रगती पुण्यात संशोधन करत होती. कशाचं, असं भवानीनगरच्या बाजारात कुणी विचारलं की सिंधुबाई थाटात सांगत, "चांदण्या मोजती." त्यांना एवढंच कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. आज सांगवीच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं. पुण्याहून प्रगतीचे सर येणार होते. मांडामांड करायला ती पहाटेच्या एसटीनं पुढं गेली होती. खाटेएवढा मोठा आभाळाचा फोटो गुंडाळीतून काढून, सपाट व्हावा म्हणून, तिनं रात्री आजी निजल्यावर टेबलावर पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवून. दुपारी तो आजीनं आणि दीपकनं, म्हणजे तिच्या वडलांनी, गाडीतून आणायचा होता.

सिंधुबाई उन्हात बसल्या, शेजारणीशी दोन शब्द बोलल्या, दोनाचे वीस झाले. आत आल्या, चष्मा लावला, आणि टेबलापाशीच थबकल्या.

चांदण्यांनी पांढऱ्याफटक फोटोभर काजळी. बारीक काळे कण सगळीकडे, आणि मधोमध तर हात फिरवल्यासारखा काळा फराटा, वीतभर रुंद.

गुऱ्हाळाशेजारी नांदलेल्या बाईला काजळी नवी नसते. लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी नवं लुगडं वाळत घातलं होतं आणि काजळी पडली म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं होतं. सासूबाई धावत आल्या होत्या. "अगं, काजळी पुसायची नसती, टिपायची असती!" घट्ट कणकेचा गोळा घ्यायचा आणि अलगद दाबून उचलायचा. काजळी कणकेला येते, मागं डाग राहत नाही. पन्नास वर्षं त्यांनी पापड, चादरी, देवाच्या तसबिरी अशाच टिपल्या होत्या.

त्यांनी खिडकी लावली, कणीक मळली आणि टिपायला बसल्या. कडेचे कण भराभर उठले. गोळा काळा झाला, दुसरा घेतला. पण मधला फराटा हलेना. दाबलं, फुंकलं, पुन्हा दाबलं. तिथं कणीक पांढरीच राहत होती. याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता, काजळी कागदात मुरली. आपल्या हातानं मुरली.

दोन वाजता दीपक गाडी घेऊन आला. "आई, जेवलीस का?"

"भूक न्हाय." फोटो त्यांनी स्वतःच गुंडाळून मांडीवर घेतला होता. "बारामतीत जरा मोहनरावाच्या स्टुडिओपाशी थांब."

"स्टुडिओत आन् आता? प्रगती माझा जीव खाईल."

"थांब म्हटलं ना. पाच मिन्टं."

मोहनरावांच्या वडलांनी सिंधुबाईंच्या लग्नाचा फोटो काढला होता. काळ्यापांढऱ्या फोटोत नवरीच्या गालांवर ब्रशनं लाली भरायची त्या काळची पद्धत. मोहनराव तीच कला शिकले होते. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण ब्रश त्यांनी टाकले नव्हते.

त्यांनी फोटो काउंटरवर पसरला, भिंग लावलं. "वैनी, ह्ये तर पार मधोमध गेलंय की."

"व्हय. निघंल का?"

"निघायचं न्हाय. पर झाकता येतंय." त्यांनी पांढऱ्या रंगाची बाटली उघडली, बारीक ब्रश ओला केला. "जरा करडं करतो आन् वर पाच-पंचवीस चांदण्या टाकतो. आजूबाजूला एवढ्या हायतच, त्यात कोण वळखतंय! तुमच्या गालावर आमच्या बानं लाली टाकली, ती कुणी वळखली का?"

सिंधुबाईंना हसू आलं. सुटले, असंही वाटलं. ब्रशचं टोक कागदापासून बोटभरावर आलं, आणि त्यांनी मोहनरावांचं मनगट धरलं.

"नगं."

"का वो?"

"पोरगी चांदण्या मोजती, मोहनराव. वरीसभर मोजती हाय. तुमी पंचवीस टाकल्या तर ती त्या बी मोजंल."

"अवो, कुठं पंचवीस..."

"एक बी नगं. गालाची लाली येगळी. तिला काय ठावं, ह्या खोट्या हायत म्हणून? सरांच्या म्होरं तोंडघशी पडंल." त्यांनी फोटो गुंडाळला. "मी तिला खरं काय ते सांगते. बोलंल, रडंल. आयकून घीन."

सांगवीपर्यंत त्यांनी गुंडाळी मांडीवरून हलू दिली नाही. दीपकनं एकदा विचारलं, "आई, बरं वाटंना का?" त्यांनी नुसता हात हलवला.

शाळेच्या हॉलमध्ये प्रगती दाराशीच उभी होती. "किती उशीर! द्या लवकर."

"थांब बाय." सिंधुबाईंनी गुंडाळी सोडली नाही. "आधी आयक. मी खिडकी उघडली. काजळी आली. कणकेनं टिपली, पर मधली न्हाय निघाली. मुरली. तुझा फोटो मी घालवला."

 प्रगतीनं गुंडाळी ओढून घेतली, जवळच्या टेबलावर उलगडली, वाकून कडेकडेनं पाहिलं. मग मध्ये पाहिलं. "कुठंय गं?"

"आंधळी हायस का? ह्यो काय एवढा काळा!"

प्रगती मटकन बाकावर बसली आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "आजी, हे काळं काढायला निघाली होतीस? अगं, हेच तर दाखवायला आणलंय!"

"म्हंजी?"

"ही तिथलीच धूळ आहे. चांदण्यांच्या मधली जागा मोकळी नसते. तिथं वायू असतो, आणि धूळ. धुरातल्या कणाएवढी बारीक. अशी दाट झाली की मागच्या चांदण्यांचा उजेड अडतो, म्हणून काळं दिसतं. मी ह्या काळ्या जागेतल्या चांदण्या मोजते. जितक्या कमी, तितकी धूळ जाड."

सिंधुबाईंनी भिंतीला हात टेकला. "आन् कुणी तितं पंचवीस चांदण्या रंगवल्या असत्या तर?"

"तर माझी धूळ पातळ झाली असती आणि सरांनी मला हाकललं असतं. पण असं कोण करेल?"

"कोण करंल!" सिंधुबाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला असावा, असा त्यांचा श्वास खालपर्यंत गेला.

"आपल्याला नुसत्या डोळ्यांनी पण दिसतं की," प्रगती फोटो टांगता टांगता बोलत होती. "आकाशगंगेचे मधेच दोन फाटे होतात ना?"

होतात. सिंधुबाईंना माहेरचं खळं आठवलं. ज्वारीच्या कणसांजवळ वाकळ टाकून निजायचं, आणि आबा वर बोट करून सांगायचे की नदी फुटलीय तिथं बेट आहे. "आमच्या आबांना ते बेट वाटायचं," त्या म्हणाल्या. "धूळ हाय व्हय! आन् ती येती कुठनं?"

"बरीचशी म्हाताऱ्या ताऱ्यांनी टाकलेली. तीच गोळा होऊन, आवळून, पुढं नवे तारे होतात."

"म्हाताऱ्यांनी टाकलेलं वाया जात न्हाय म्हण की," सिंधुबाई म्हणाल्या, आणि दीपक त्यांच्याकडं बघून हसला.

चार वाजता हॉल भरला. सर आले, त्यांनी फोटो न्याहाळला, प्रगतीला काही विचारलं, मान डोलावली. सिंधुबाई फोटोशेजारच्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. कोऱ्हाळे गावची एक बाई पोराला घेऊन आली आणि पदर नाकाशी धरून म्हणाली, "एवढा भारी फोटो आन् मधी काजळी लागली का वो?"

"लागल्याली न्हाय," सिंधुबाई ताठ बसत म्हणाल्या. "तितलीच हाय ती. आमच्या घरची न्हाय. जवळ या, सांगते. पर हात लावू नगा."

बाई जवळ सरकली. सगळं सांगून झाल्यावर सिंधुबाईंनी दीपकला हाक मारली, "सकाळपासनं पोटात काय न्हाय. हितं वडापाव कुठं मिळतो बघ, आन् दोन आण."