मी पुंगळीची मान बारीक करते

मित्रांनो, डाय म्हटलं की तुम्हाला केसांना लावायचा रंग आठवत असेल. मी ती नव्हे. मी धातूला दाबून आकार देणारी, पोलादाची आहे, अंगठ्याहून थोडी जाड. माझ्या पोटात आरपार भोक आहे, खाली रुंद आणि वर अरुंद. त्या भोकाचं माप हाच माझा अभिमान. आजवर ते मी सोडलेलं नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ट्रॉय नावाचं शहर आहे. तिथल्या एका गॅरेजात १९८८ साली उल्हासकाकांनी मला लेथवर घडवलं. काका मूळचे नागपूरचे. आयटीआय करून ते इकडे आले आणि मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यात टूलमेकर झाले. त्यांचा फोरमन अर्ल निवृत्त झाला, तेव्हा त्याने आपली जुनी रायफल काकांना भेट दिली. "हिची काडतुसं दुकानात मिळत नाहीत, उल्हास. तुझी तुलाच करावी लागतील," असं त्याने आधीच बजावलं.

काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्यात बंदुकीची दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. या रायफलीची गोळी पेन्सिलीहूनही बारीक. एवढ्या बारीक मानेची पुंगळी कुणी विकत नव्हतं. मग काका मोठ्या काडतुसाच्या कोऱ्या पुंगळ्या आणत. एकेकीला तेलाचं बोट फिरवत, ती हातप्रेसमध्ये माझ्याखाली ठेवत आणि दांडा ओढत. पुंगळी माझ्या पोटात शिरे आणि बाहेर येई ती बारीक मान घेऊन.

सुरुवातीला माझ्या हातूनही चुका झाल्या. पहिल्या पाचांतल्या दोघींच्या खांद्याला, म्हणजे मानेखालच्या उताराला, सुरकुती पडली. काकांनी माझं पोट पुन्हा घासून आरशासारखं केलं. त्यानंतर चाळीसच्या चाळीस नीट निघाल्या. अर्लने त्यातली एक बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाला, "आपल्या कारखान्याला हे जमलं नसतं." त्या दिवशी मला जे वाटलं, ते लोखंडाला वाटू नये असं म्हणतात. मला वाटलं.

ट्रॉयच्या उत्तरेला तासाभरावर डेल नावाच्या शेतकऱ्याचा गोठा आणि गवताचं रान आहे. तिथे वुडचक फार. वुडचक म्हणजे आपल्या घुशीचा थोरला भाऊ समजा. तो रानभर बिळं पोखरतो आणि त्यांत गुरांचे पाय मोडतात. दर उन्हाळ्यात डेल काकांना बोलावी. काका दोनशे पावलांवरून एकच गोळी झाडत. मनात जरा शंका आली, तर तीही झाडत नसत.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग काकांच्या बोटांत संधिवात शिरला. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, शर्टाचं बटण लागेना. "आता माझ्याच्यानं होत नाही," असं म्हणून त्यांनी मला खणात ठेवलं. सात वर्षं मी तिथे होते. कुणी तेल लावलं नाही. माझ्या अंगावर गंजाचे ठिपके उमटले.

मला बाहेर काढलं उपासनाने. ती नागपूरची इंजिनिअर, ट्रॉयमध्येच नोकरी करणारी. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात ती काकांशेजारी बसली होती. "जयभीम काका. मीही टूलिंगमध्येच आहे, पण सगळं स्क्रीनवर. लेथला हात लावून दहा वर्षं झाली," असं ती म्हणाली, आणि काकांनी तिला रविवारी घरी बोलावलं.

तिने मला पुसलं, प्रकाशात धरलं आणि म्हणाली, "आतलं फिनिश अजून मिरर आहे, काका."

एक गोष्ट तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट केली. "मी सगळं शिकेन, पण नेम कागदावरच धरेन. जीव मारणं माझ्याकडून व्हायचं नाही."

"नको मारूस," काका म्हणाले. "आपल्यात बुद्धाचं नीट ऐकणारं कुणी तरी पाहिजेच."

गेल्या मे महिन्यात डेलचा फोन आला. बिळात पाय जाऊन त्याचं एक वासरू जायबंदी झालं होतं. काकांनी शनिवारी येतो असा शब्द दिला. जुन्या पुंगळ्या संपल्या होत्या, म्हणून उपासनाने नव्या कंपनीच्या आणल्या. आम्ही चाळीस दाबल्या. काका सांगत गेले तशी ती वीस काडतुसं भरत गेली, प्रत्येकाची दारू तराजूवर तोलून.

शनिवारी सकाळी उपासना काडतुसांची पेटी बंद करत होती. डेल त्यांना न्यायला निघाला होता. काका सहज म्हणाले, "आज बोल्ट तू लावून दे मला. काल दारू न घातलेलं नमुन्याचं काडतूस रायफलीत घालून पाहिलं, तर बोल्ट लागता लागेना. बोटं गेली माझी." बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून रायफल मागून बंद करणारा दांडा.

उपासनाचा हात थांबला. "नुसती रिकामी पुंगळी घातली होती, तेव्हा?"

"तेव्हा लागला होता की."

"मग बोटं तर तीच होती ना, काका?"

तिने मायक्रोमीटर घेतला आणि नमुन्याच्या काडतुसाची मान मोजली. हवी त्याहून तीन थाऊ जाड. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तुमच्या केसाहूनही बारीक.

काकांचा चेहरा उतरला. "डाय झिजली. छत्तीस वर्षं झाली तिला. टाकून दे."

मित्रांनो, एवढं वाईट मला खणातल्या सात वर्षांतही वाटलं नव्हतं. पण उपासनाने मला टाकलं नाही. तिने एक रिकामी पुंगळी घेऊन तिच्या मानेची भिंत मोजली, मग जुन्या पुंगळीची मोजली.

"डाय बरोबर आहे, काका. नवीन पितळच जाड आहे. डाय बाहेरून दाबते, तेवढं माप चोख येतं. पण आत गोळी बसली की जाड मान बाहेर फुगते. रायफलीत मानेला फाकून गोळी सोडायला जागाच उरत नाही. झाडली असती तर सगळा दाब मागे आला असता."

मागे म्हणजे काकांच्या गालाशी. ते दोघांनाही ठाऊक होतं.

बाहेर डेलची गाडी थांबली. "इतक्या वर्षांत शब्द मोडला नाही मी," काका पुटपुटले.

"मी सांगते त्याला."

"नको. चूक माझी आहे. मान मोजायची असते हे मला माहीत होतं. जुन्या पितळावर विसंबलो."

काकांनी बाहेर जाऊन डेलला सगळं सांगितलं. डेलने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला तुझा चेहरा शाबूत हवा आहे, उल्हास. वासरं आठवडाभर दुसऱ्या कुंपणात ठेवीन."

त्या दिवशी उपासनाने डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा लावून वीसही काडतुसांतली गोळी आणि दारू काढून घेतली. दुसऱ्या दिवशी दोघांनी चाळीस पुंगळ्यांच्या माना बाहेरून तासल्या. ती तासायची आणि काका मोजायचे. माप वाचायला बोटं सरळ लागत नाहीत. दोन पुंगळ्या जास्त तासल्या गेल्या, त्या काकांनी विचार न करता बाजूला फेकल्या.

मग नमुन्याचं नवं काडतूस तयार झालं. उपासनाने रायफल त्यांच्यापुढे धरली. काकांनी बोल्ट पुढे सारला आणि वाकड्या झालेल्या दोन बोटांनी खाली दाबला. तो लोण्यात सुरी जावी तसा बसला. काकांनी तो उघडला, पुन्हा लावला, पुन्हा उघडला.

"म्हणजे बोटं खरं सांगत होती," ते म्हणाले.

"पहिल्यापासून," उपासना म्हणाली.

पुढच्या शनिवारी काका डेलच्या रानात गेले आणि काम करून सुखरूप परतले. उपासनाने नेमबाजीच्या क्लबच्या मैदानात कागदावर पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. काकांनी पुंगळ्यांच्या पेटीवर चिठ्ठी चिकटवली: 'मान मोजल्याशिवाय भरू नये. चूक उल्हासची, शोध उपासनाचा.'

मी आता प्रेसवरच असते. आम्हा लोखंडाच्या मंडळींना फार काही लागत नाही. काम झालं की एकदा फडकं फिरवा, तेलाचा एक थेंब द्या, एवढंच. पण घरातलं मोठं माणूस 'आता माझ्याच्यानं होत नाही' म्हणालं, तर लगेच हो म्हणू नका. त्यांच्या हाताला नेमकं काय जाणवलं, ते आधी विचारा. आणि उत्तर मिळालं की मोजून पाहा.