सावलीत वाळवायचे गोळे

बाबांनी गोळा दोन बोटांत धरून दाबला. तो फुटला आणि ओला चुरा चादरीवर सांडला.

"माती कमी. हे काय, भुसा वळलास?"

थोरल्या लेकीने चादर झटकली. पलंगाशेजारच्या स्टुलावर परात होती. परातीत चाळलेली चिकणमाती, कुजलेल्या पाल्याचं खत आणि आईने शेवटच्या वर्षी गोळा केलेलं रानफुलांचं बी. आई गेल्यापासून खिडकीसमोरचा जमिनीचा पट्टा ओसाड पडला होता. बाबांची मान आता वळत नव्हती. समोर दिसेल तेवढंच त्यांना दिसे. त्या पट्ट्यात आईची निळी फुलं एकदा बघायची, मग खुशाल जायचं, असं ते येईल त्याला सांगत. मलमपट्टीला येणारी सिस्टर थोरलीला बाजूला घेऊन म्हणाली होती, एवढा एक बहर मिळाला तरी खूप.

"पाणी जास्त." दुसरा गोळा फुटला. तिसऱ्याला भेग होती. "सगळा जन्म बियाणं तपासण्यात गेला माझा, आणि घरात हा नमुना. तुझ्या आईने डोळे मिटून वळले असते."

मग तुम्हीच वळा, असं ती म्हणाली नाही. त्यांची बोटं दाबण्यापुरतीच उरली होती.

"म्हातारा उंटावरून शेळ्या हाकतोय, असं वाटतंय ना?"

"नाही, बाबा."

"वाटतंय. हे टाकून दे, पुन्हा वळ. आणि सावलीत वाळव. घाई करू नकोस."

नापास गोळे तिच्याने टाकवेनात; बी आईचं होतं. स्वयंपाकघरामागच्या भिंतीच्या कडेला तिने ते पसरले. नवे वळता वळता संध्याकाळ झाली. किती उष्णतेला बी मरतं, हे बाबांनी लहानपणी तिच्याकडून पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. तिने नव्या गोळ्यांचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, बटण त्या आकड्याच्या पुढे फिरवलं आणि तो तापेपर्यंत बाबांची कूस बदलून आली.

सकाळी बाबांनी गोळा दाबला. फुटला नाही. तो त्यांनी नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"आता जमलं," ते म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. सगळं सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"एवढ्यासाठी चाळिशी उलटावी लागली बाईसाहेबांना."

तिने टोपली उचलली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक गोळा पट्ट्यात टाकला.

पाणी मिळालं, ऊन मिळालं. पट्टा होता तसाच राहिला. रोज सकाळी ती पडदा सारायची आणि बाबा विचारायचे, "उगवलं काही?"

"वेळ लागतो, बाबा."

"लागतो, लागतो."

ते आक्रसत चालले होते. एका सकाळी सिस्टर हात पुसत म्हणाली, "मागे भिंतीशी काय निळं फुललंय हो, आजोबा. मन भरून आलं बघून."

"तण आहे ते," थोरली म्हणाली.

"तण असेल तर उपट," बाबा म्हणाले. "मुळासकट आण. बघू दे."

सिस्टर गेल्यावर तिने एक रोप उपटून आणलं. मुळांशी गोळ्याचा तुकडा अजून चिकटलेला होता. बाबांनी तो बोटांत कुस्करला, फुलाच्या पाच पाकळ्या पाहिल्या.

"ओव्हन किती वेळ ठेवला होतास?"

तिने चादरीवर पडलेली माती झटकली. मग म्हणाली, "अर्धा तास."

"वास आला होता मला तेव्हाच. भाजलेली माती कोणाला कळत नाही?"

"मग बोलला का नाहीत? निम्मं बी पाकिटात शिल्लक होतं. पुन्हा पेरलं असतं, बाबा. तेव्हा वेळ होता."

"बोललो असतो तर फुलं आली असती," बाबा म्हणाले. "मग रोज उठून तुझं खोटं कुठून ऐकायला मिळालं असतं? आईवर गेली नाहीस तू. माझ्यावर गेलीस."

त्यांना धाप लागली. धाप ओसरेपर्यंत ती उभी राहिली.

"आता तेवढं रोप ठेव समोर. दिसेल असं."

"बरं."

तिने पेल्यात पाणी घेतलं, मुळं धुतली, रोप नीट उभं केलं. मग पेला त्यांच्या उशामागच्या फळीवर ठेवला आणि खिडकीचा पडदा पुरता बाजूला सारला.

"ठेवलंय, बाबा," ती म्हणाली. "छान दिसतंय."