तीन माहितीपुस्तकांची एक बांधणी

पुस्तक हाती आले की बाइंडर प्रथम त्याचा कणा पाहत असे, मग शिलाई. आतील मजकुराकडे वळण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नसे. सातव्या इयत्तेनंतर शाळेशी त्याचा संबंध तुटला होता. ग्रंथांशी मात्र तो तुटला नव्हता, कारण गेली तीस वर्षे वाचनालयांची, कचेऱ्यांची आणि वकिलांची जीर्ण पुस्तके त्याच्याच दुकानात नवे अंग धारण करीत होती. म्हणूनच आपल्या एकुलत्या एका मुलीला प्रवेश देऊ करणाऱ्या तीन विद्यापीठांची माहितीपुस्तके टपालाने आली, तेव्हा त्याने ती कामाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि आपल्या रीतीने त्यांची परीक्षा घेतली.

"लांबच्याला दोऱ्याची शिलाई आहे," तो म्हणाला. "तळ्यावाल्याला नुसता गोंद फासलाय. दोन वर्षांत पानं सुटणार. आणि आपल्या इथल्याला दोन पिना ठोकून मोकळे झालेत."

"बाबा, मी तिथं पुस्तकं शिवायला जात नाहीये," मुलगी म्हणाली.

या मुलीला घरात सारे 'खडी' म्हणत. लहानपणी तिच्या फ्रॉकच्या खिशात सदैव खडे सापडत, त्यावरून बापानेच ते नाव ठेवले होते. पुढे खड्यांचे दगड झाले, दगडांना चिठ्ठ्या चिकटल्या, आणि दुकानामागच्या खोलीतील खिडकीच्या कठड्यावर एकेचाळीस दगडांची रांग उभी राहिली. खळ लावलेल्या पुठ्ठ्यांवर वजन म्हणून ठेवण्यास ते दगड फार सोयीचे होते. परंतु बाइंडरने एकदा त्यांतला एक उचलला, तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तिला भूगर्भशास्त्र शिकायचे होते, आणि त्या विषयात तिचा जीव गुंतला होता.

निवडीचा काथ्याकूट आठवडाभर चालला. लांबच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता, दगडांचे पातळ काप काढून भिंगाखाली पाहण्याची प्रयोगशाळा होती. पण तेथे जाण्यास अर्धा दिवस आणि एक रात्र लागे. दुसऱ्या विद्यापीठाच्या आवारात तळे होते, मुलींचे वसतिगृह झाडीत होते, नाटकमंडळ होते, मैदाने होती. तिसरे तर बसने पाऊण तासावर, डेपोच्या भिंतीला लागून. तिथे हा विषय केवळ पहिल्या वर्षी, तोही जोडविषय म्हणून, शिकवीत.

"तळ्यावालंच बरं," खडीची आई म्हणाली. ती रुग्णालयाच्या कापडकोठीत चादरी मोजून घेण्याचे काम करी आणि कोणतीही गोष्ट दोनदा तपासल्यावाचून तिला चैन पडत नसे. "वसतिगृहाला वॉर्डनबाई आहेत. हिच्या पोटात चार घास जातील. नाहीतर ही दगड चघळत बसेल."

"आई, तळ्याचा अभ्यास नाही करायचा मला."

"आणि तुमचं काय हो? तुम्ही का गप्प?"

बाइंडर गप्प होता, कारण त्याच्या मनात तिसरे विद्यापीठ होते. संध्याकाळी साडेसहाला दुकानाच्या पायरीवर तिची पावले वाजावीत, एवढीच त्याची इच्छा. आणि ती बोलून दाखविण्याची त्याला लाज वाटत होती. शेवटी तो म्हणाला, "खडे, तुझं मन जिथं आहे तिथं जा. मी आडवा येणार नाही."

"मग लांबचं," ती लगेच म्हणाली आणि त्याच्या खळीने माखलेल्या हाताला बिलगली.

विद्यापीठाने पाठविलेले स्वीकृतिपत्र मूळ दाखल्यांसह शुक्रवारपर्यंत स्वतः नेऊन द्यावयाचे होते. गुरुवारी दुपारच्या गाडीने बापलेक निघणार होते. बुधवारी खडी शाळेत दाखल्यांवर सह्या आणण्यास गेली असता बाइंडरच्या मनात एक कल्पना आली. तिच्या आयुष्यातील या आठवड्याची काही खूण राहावी, म्हणून ती तिन्ही माहितीपुस्तके एकत्र शिवून, निळ्या कापडाची पाठ चढवून, वर सोनेरी अक्षरांत तिचे नाव घालून तिला द्यावी. त्याने पिना काढल्या, गोंद खरवडला, पाने दाबात बसवून शिवली. कापणीयंत्राचा दांडा ओढला. तीन बाजू, तीन घाव. कडा आरशासारख्या निघाल्या.

दिवेलागणीला खडी परतली. पुस्तक पाहून तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि मग तिने विचारले, "बाबा, यात माझं स्वीकृतिपत्र होतं. ते कुठं ठेवलंत?"

पत्र पुस्तकातच होते. तिने ते प्रयोगशाळेच्या पानाशी खूण म्हणून घातले होते, जरासे बाहेर डोकावेल असे. उजव्या कडेवर उभा छापलेला प्रवेशक्रमांक आणि अर्धा गोल शिक्का आता तेथे नव्हते.

दुकानात कातरणाचे पोते होते. आठवडाभराच्या कागदी पट्ट्या त्यात ठासून भरलेल्या. बापलेकींनी ते जमिनीवर उपडे केले. दोघे गुडघ्यांवर बसून एकेक पट्टी उचलीत, उजेडासमोर धरीत आणि बाजूला टाकीत. खडी रडली नाही. ती फक्त मधूनमधून म्हणे, "ही नाही." आईही येऊन बसली. चादरी मोजण्याची सवय असलेल्या तिच्या हातांनाच अखेर पट्टीचे तीन तुकडे लागले.

तुकडे तिने नवऱ्याच्या तळहातावर ठेवले आणि हळू आवाजात विचारले, "अहो, कापायच्या आधी तुम्ही पानन् पान चाळता. तीस वर्षांत कुणाचं अक्षर कापलं नाहीत. आजच कसं नाही चाळलंत?"

बाइंडरने उत्तर शोधले. हात नेहमीसारखे चालले होते, एवढेच त्याला आठवत होते. पाने का चाळली नाहीत, हे आठवत नव्हते.

सकाळी शेजारचा टायपिस्ट आला. सरकारी अर्ज टंकण्यात त्याचे केस पिकले होते. पत्र पाहून तो म्हणाला, "हे असंच न्या. तुकडे पाकिटात घाला. मी खरं खरं लिहून अर्ज करून देतो, की असं असं झालं, चूक झाली. हात लावू नका."

"फाटकं पत्र घेऊन पोरीनं त्यांच्या दारात उभं राहायचं?" बाइंडर म्हणाला. "मी जोडलेलं ब्रह्मदेवालाही कळत नाही."

"ब्रह्मदेवाला नाही कळणार. कारकुनाला कळेल."

"काका म्हणतात तसं करू या ना, बाबा," खडी म्हणाली.

पण बाइंडरने पातळ कागद आणि खळीची वाटी पुढे ओढली होती. केलेला अपराध हातांनीच धुऊन काढता येईल, असे त्याला वाटत होते. त्याच्याजवळ दुसरे काही नव्हतेच. दोन तासांत पत्र अखंड झाले. शिक्क्याचा गोल जुळला, आकडे जुळले, सांधा बोटाला लागेना. खडीने ते उलटसुलट पाहिले आणि प्रथमच थोडी हसली.

शुक्रवारी सकाळी ते लांबच्या विद्यापीठात पोहोचले. इमारतीच्या ओसरीत काचेच्या पेटीत दगड मांडले होते. खडी पेटीपाशी थांबली आणि काचेला नाक लावून एकेकाचे नाव पुटपुटू लागली. तिला ओढून प्रवेशाच्या खिडकीपाशी न्यावे लागले.

कारकूनबाईंनी दाखले तपासले, पत्र घेतले आणि रिवाजाप्रमाणे दिव्यासमोर धरले. उजव्या कडेला एक फिकट उभी रेघ उमटली.

"हे कुणी जोडलंय?"

"मी, बाई. बाइंडर आहे मी. माझ्याच हातून कापलं गेलं."

"पण आकडा याच पत्राचा आहे कशावरून? गेल्या साली एकानं दुसऱ्याचा आकडा लावून आणला होता. असा जोड दिसला की पत्र रद्द करायचं, असा नियम आहे."

"माझी बोटं बघा, बाई. मी लबाडी करणारा माणूस नाही."

बाईंनी खरोखरच त्याची बोटे पाहिली. त्यांचा स्वर मवाळ झाला, आणि तेच अधिक वाईट होते. "काम फार सुंदर आहे हो. तुटकंच आणलं असतं आणि सोबत अर्ज असता, तर मी साहेबांपुढे ठेवलं असतं. आता हात लावता येत नाही मला."

"मी आत्ता लिहून देतो अर्ज."

"आता कशावर लिहिणार? तुकडे कुठं उरलेत?"

बाइंडर मागे वळला. खडी सारे ऐकत होती. बाईंनी परत केलेले दाखले तिने क्रमाने लावले आणि पिशवीत ठेवले.

परतीच्या गाडीत तिने उरलेल्या दोन विद्यापीठांची पत्रे काढून तारखा पाहिल्या. तळ्यावाल्या विद्यापीठाची मुदत मंगळवारीच संपली होती. डेपोजवळच्याची सोमवारपर्यंत होती.

"खडे, मी मुद्दाम नाही गं केलं," बाइंडर म्हणाला.

"मी कुठं म्हणतेय, बाबा?"

त्याला वाटले, तिने म्हणायला हवे होते. म्हणजे त्याला 'नाही' म्हणता आले असते, आणि ते 'नाही' खरे आहे की खोटे, हे निदान आपल्याच आवाजावरून कळले असते.

पुढे ती रोज बसने जाऊ लागली. संध्याकाळी साडेसहाला पायरीवर तिची पावले वाजत. जेवताना ती बापाला वाढी आणि हवे-नको विचारी. आई चादरींच्या गोष्टी सांगे, त्यांना ती हसेसुद्धा. निळ्या कापडाचे ते पुस्तक फळीवर होते. ते तिने एकदाही उतरविले नाही, टाकूनही दिले नाही. बाइंडर मात्र आता एकेक पुस्तक कापण्यापूर्वी तीन-तीनदा चाळी. कामे तुंबू लागली, गिऱ्हाइके कुरकुरू लागली.

एका रविवारी तो वकिलांच्या जाड खंडांना पुठ्ठे चढवीत असता खडी मागच्या खोलीतून एक खोके घेऊन आली. ते जड होते. तिने ते टेबलाच्या कडेवर टेकविले. आत एकेचाळीस दगड होते. चिठ्ठ्या ओल्या फडक्याने पुसून काढलेल्या होत्या.

"हे घ्या, बाबा. वजनाला होतील."

"अगं, नको. यांना खळ लागेल."

"लागू दे," ती म्हणाली.

तिने स्वतःच चार दगड उचलले आणि ओल्या पुठ्ठ्याच्या चार कोपऱ्यांवर नीट, अगदी त्याच्यासारखे, ठेवून दिले. मग ती सोमवारच्या बसचा पास शोधायला आत गेली.